कृष्णवर्णीय नायक : सिनेमा संपतो तेव्हा कोणाच्या जिवात जीव येतो?

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. वाचायला सोयीचं जावं म्हणून थोडी काटछाट केली आहे, बोलण्याचा ओघ मात्र तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय पत्रिकेवर जरा भारदस्त छापला गेलाय. 'लोकप्रिय चित्रपटांतील आफ्रिकन-अमेरिकन नायकाचे बदलते चित्रण'. मी साध्या शब्दांत सांगतो. हॉलिवूडच्या सिनेमात काळा माणूस नायक कधी झाला, कसा झाला आणि तो नायक नेमका कोणासाठी होता, एवढंच आपल्याला आज बघायचं आहे.

सुरुवात माझ्या एका फजितीपासून करतो. कॉलेजात असताना आमच्या फिल्म सोसायटीत 'द डिफायंट वन्स' दाखवला होता. स्टॅन्ली क्रेमरचा १९५८चा सिनेमा. अमेरिकेच्या दक्षिणेतले दोन कैदी, एक गोरा, एक काळा, एकाच साखळीने जखडलेले. गोरा म्हणजे टोनी कर्टिस, काळा म्हणजे सिडनी पॉइटिए. दोघं पळतात. एकमेकांचा द्वेष करत, दलदल तुडवत, मार खात पळतात. पुढे साखळी तुटते. शेवटी मालगाडी येते. पॉइटिए गाडीत चढतो. कर्टिस जखमी आहे, धापा टाकत रुळांच्या कडेने धावतो आहे. पॉइटिए हात पुढे करतो, हातात हात येतो, पण त्याला वर काही ओढता येत नाही. आणि पॉइटिए हात सोडत नाही. दोघंही गाडीवरून खाली पडतात. शेवटच्या दृश्यात तो या गोऱ्या मित्राला कवेत घेऊन गाणं म्हणत बसलाय आणि पोलीस त्यांच्याकडे येताहेत.

मी रडलो. अगदी डोळे पुसावे लागले. शेजारी माझा मित्र बसला होता. परभणीकडचा, वसतिगृहात राहणारा, त्याच्या घरातला कॉलेजात पोचलेला पहिला मुलगा. दिवे लागले तसा तो म्हणाला, "गाडी कशाला सोडली येड्यानं?" मला रागच आला. वाटलं, याला सिनेमा कळलाच नाही. माणुसकी वगैरे याच्या डोक्यावरून गेली.

चार-पाच वर्षांनी जेम्स बाल्डविनचं 'द डेव्हिल फाइंड्स वर्क' हाती आलं. १९७६ साली आलेलं हे पुस्तक म्हणजे एका काळ्या लेखकाने आयुष्यभर बघितलेल्या सिनेमांचा हिशेब आहे. त्यात नेमका हाच शेवट आहे. बाल्डविन सांगतो की उदारमतवादी गोऱ्या प्रेक्षकांना हे दृश्य बघून हायसं वाटलं, पण हारलेमच्या थिएटरात लोक भडकले. पडद्यावरच्या पॉइटिएला ते ओरडून सांगत होते की मूर्खा, परत गाडीत चढ. म्हणजे माझा परभणीचा मित्र, ज्याने बाल्डविनचं नावही ऐकलं नव्हतं, तो हारलेमच्या थिएटरात बसला होता. आणि मी? मी हायसं वाटणाऱ्यांच्या रांगेत होतो. सिनेमा मला कळला नव्हता, त्याला कळला होता.

तेव्हापासून कुठलाही असा सिनेमा बघताना मी स्वतःला एक प्रश्न विचारतो. आजच्या बोलण्याचा सगळा भार त्या एकाच प्रश्नावर आहे. सिनेमा संपतो तेव्हा कोणाच्या जिवात जीव येतो? नायक काळा आहे का, तो जिंकतो का, त्याला किती वेळ पडदा मिळतो, हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. पण ते मोजता येतात म्हणून आपण तिथेच थांबतो. पुढचा प्रश्न अवघड आहे, कारण त्याचं उत्तर देताना आपण स्वतः कुठल्या खुर्चीत बसलोय हेही कळतं.

आता थोडं मागे जाऊ. १९१५. डी. डब्ल्यू. ग्रिफिथचा 'द बर्थ ऑफ अ नेशन'. तंत्राच्या दृष्टीने मोठा सिनेमा म्हणून आजही शिकवला जातो. त्यातली महत्त्वाची काळी पात्रं तोंडाला काळं फासलेल्या गोऱ्या नटांनी केली आहेत. शेवटाकडे एक गोरं कुटुंब झोपडीत अडकलंय, बाहेर काळे सैनिक आहेत, आणि घोड्यांवरून दौडत कोण येतं? कू क्लक्स क्लान. पांढरे झगे घातलेले खुनी लोक इथे तारणहार आहेत. क्लान आली आणि प्रेक्षागृहाच्या जिवात जीव आला. हे नुसतं पडद्यावर राहिलं नाही. त्याच वर्षी जॉर्जियात मोडीत निघालेली क्लान पुन्हा उभी केली गेली. 'नुसता सिनेमा तर आहे' असं कोणी म्हणालं की मी हे उदाहरण देतो.

याला उत्तर मिळालं. ते हॉलिवूडने दिलं नाही. ऑस्कर मिशो नावाच्या काळ्या माणसाने १९२० साली 'विदिन अवर गेट्स' काढला. हा मिशो आधी दक्षिण डाकोटात शेती करत होता, स्वतःच्या कादंबऱ्या स्वतः विकत होता. ग्रिफिथच्या सिनेमात काळा माणूस गोऱ्या बाईच्या मागे लागतो. मिशो दाखवतो की गोरा माणूस काळ्या मुलीवर हात टाकतो आणि गोरा जमाव निरपराध काळ्या कुटुंबाला फासावर लटकवतो. हा सिनेमा नंतर कित्येक दशकं हरवलेलाच होता. शेवटी त्याची एक प्रत स्पेनमध्ये सापडली. म्हणजे काळ्या प्रेक्षकांसाठी, काळ्या माणसाने, काळ्या माणसाच्या नजरेने सिनेमा काढायचा ही कल्पना शंभर वर्षांपूर्वीची आहे. पण त्या सिनेमांची थिएटरं वेगळी, प्रेक्षक वेगळे, पैसाही तुटपुंजा.

मुख्य प्रवाहात काय चाललं होतं? 'गॉन विथ द विंड'मधल्या दाईच्या भूमिकेसाठी हॅटी मॅकडॅनियलला १९४० साली ऑस्कर मिळालं. ऑस्कर मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय. समारंभात मात्र तिला बाकीच्या कलाकारांपासून वेगळं, बाजूच्या टेबलावर बसवलं होतं. हे चित्र डोळ्यांसमोर ठेवा. बक्षीस देतो, पण पंगतीला बसवत नाही. आपल्याला हे समजायला फार कष्ट पडू नयेत.

या पार्श्वभूमीवर सिडनी पॉइटिए येतो. देखणा, ताठ, शब्द तोलून बोलणारा. पन्नासच्या दशकापासून पुढची दहा-पंधरा वर्षं हॉलिवूडमध्ये काळा नायक म्हणजे जवळजवळ हा एकटा माणूस. १९६३च्या 'लिलीज ऑफ द फील्ड'साठी त्याला ऑस्कर मिळालं. प्रमुख भूमिकेसाठी ते मिळवणारा तो पहिला काळा नट. भूमिका काय? रस्त्याने चाललेला एक कारागीर काही गोऱ्या जोगिणींना प्रार्थनामंदिर बांधून देतो आणि काम झाल्यावर गुपचूप निघून जातो. गोड सिनेमा आहे. पण आपला प्रश्न विचारा. हा माणूस काही मागत नाही, कोणावर रागवून राहत नाही, घर मागत नाही, बायको मागत नाही. देतो आणि जातो.

मग १९६७ साल. त्या एका वर्षात पॉइटिएचे तीन सिनेमे आले आणि तिन्ही गाजले. 'टू सर, विथ लव्ह', 'इन द हीट ऑफ द नाइट' आणि 'गेस हूज कमिंग टू डिनर'. तिसऱ्याबद्दल आधी बोलू. गोरी मुलगी काळ्या नवऱ्याला घरी घेऊन येते, आईवडील उदारमतवादी, पण आता स्वतःच्या घरात प्रश्न आलाय. त्या वर्षी जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'लव्हिंग विरुद्ध व्हर्जिनिया' या खटल्यात निकाल दिला, तोवर सोळा राज्यांत असं लग्न बेकायदा होतं. म्हणजे विषय धाडसी होता, यात शंका नाही.

पण मुलगा कसा आहे? जगप्रसिद्ध डॉक्टर. सभ्य. निष्कलंक. आणि तो काय करतो? मुलीला न सांगता तिच्या आईवडिलांना शब्द देतो की तुमची मनापासून संमती नसेल तर मी हे लग्न करणार नाही. सगळा सिनेमा मग एका गोऱ्या बापाच्या निर्णयाची वाट बघतो. शेवटचं लांबलचक भाषणही त्याचंच. त्या दोघांचं चुंबन एकदाच दिसतं, तेही टॅक्सीच्या आरशात. मला सांगा, आपल्याकडे जात सोडून लग्न होतं तेव्हा लोक काय म्हणतात? "मुलगा कलेक्टर आहे हो." म्हणजे परीक्षा त्याने द्यायची, निकाल आपण लावायचा. नापास होण्याचा हक्क त्याला नाही. (श्रोत्यांत हशा)

त्याच वर्षी क्लिफर्ड मेसन या काळ्या नाटककाराने न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून विचारलं की गोऱ्या अमेरिकेला हा पॉइटिए इतका का आवडतो. प्रश्न झोंबणारा होता, पण वाजवी होता.

आणि तरीही, त्याच वर्षी, त्याच नटाने, ती थप्पड मारली. 'इन द हीट ऑफ द नाइट'. फिलाडेल्फियाचा काळा डिटेक्टिव्ह व्हर्जिल टिब्स मिसिसिपीतल्या एका गावात खुनाचा तपास करतोय. एका बड्या कापूस-मळेवाल्याला तो त्याच्याच काचघरात, ऑर्किडच्या कुंड्यांमध्ये उभा राहून प्रश्न विचारतो. मळेवाला त्याच्या थोबाडीत मारतो. आणि टिब्स, क्षणाचाही विलंब न लावता, उलट हाताने त्याला परत मारतो. विचार करून नाही, भाषण करून नाही. तिथल्या तिथे.

ही दोन सेकंदं मी कितीदा बघितली असतील. डॉक्टर साहेबांनी संमती मागितली होती, टिब्सने मागितली नाही. आणि शेवटाला गंमत बघा. पुन्हा आगगाडी आहे. या वेळी पॉइटिए गाडीत चढतो आणि त्याची बॅग गावचा गोरा पोलीसप्रमुख घेऊन येतो. नऊ वर्षांत एवढा प्रवास झाला. पण पुढची गोष्टही ऐका. या सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचंही मिळालं. कोणाला? पोलीसप्रमुखाचं काम करणाऱ्या रॉड स्टायगरला. स्टायगर चांगला नट होता, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण पॉइटिएला साधं नामांकनसुद्धा नव्हतं. तो समारंभ दोन दिवस पुढे ढकलावा लागला होता, कारण ४ एप्रिल १९६८ला मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला होता. पडद्यावर गोरा पोलीस काळ्याची बॅग उचलत होता आणि बाहेर हे चाललं होतं. त्या काळच्या तरुण काळ्या प्रेक्षकाला या सभ्य नायकाचा कंटाळा का आला असेल, ते यावरून समजतं.

तो कंटाळा १९७१ साली फुटला. मेल्विन व्हॅन पीबल्सने 'स्वीट स्वीटबॅक्स बॅडास साँग' काढला. लेखक तो, दिग्दर्शक तो, संगीत त्याचं, संकलन त्याचं, नायकही तोच. सुरुवातीला देशभरात फक्त दोन थिएटरांनी तो लावला, एक डेट्रॉइटमध्ये, एक अटलांटात. नायक एका काळ्या तरुणाला मारहाण करणाऱ्या पोलिसांवर हल्ला करतो, पळत सुटतो आणि शेवटी मेक्सिकोची सीमा ओलांडतो. जिवंत! लक्षात घ्या, नवीन गोष्ट ही होती. पोलिसावर हात टाकलेला काळा माणूस सिनेमाच्या शेवटी जिवंत आहे. इथे जिवात जीव येतो तो हारलेमच्या थिएटराच्या. ब्लॅक पँथर पार्टीच्या ह्यूई न्यूटनने या सिनेमाची तारीफ केली, पक्षाच्या लोकांना तो बघायला सांगितला. 'एबनी' मासिकात लेरोन बेनेट यांनी मात्र त्यावर कडाडून टीका केली. वेश्यागृहात वाढलेला, शरीराच्या जोरावर निभावणारा माणूस हा क्रांतिकारक कसा, असा त्यांचा आक्षेप. मला दोघांचंही पटतं. त्या सिनेमातल्या बायकांची अवस्था बघवत नाही. नायक स्वतंत्र झाला, पण त्याच्या शेजारची बाई झाली नाही.

मग काय, हॉलिवूडला बाजार दिसला. त्याच वर्षी गॉर्डन पार्क्सचा 'शाफ्ट' आला. पार्क्स म्हणजे 'लाइफ' मासिकाचे नावाजलेले छायाचित्रकार. चामड्याचा कोट घालून न्यूयॉर्कच्या गर्दीतून, गाड्यांना न जुमानता चालणारा रिचर्ड राउंडट्री, मागे आयझॅक हेजचं संगीत. त्या चालण्यातच सगळं आहे. हा कोणाला रस्ता विचारत नाही. पुढच्या वर्षी 'सुपर फ्लाय', त्याचा नायक कोकेन विकणारा. मग रांगच लागली. एनएएसीपी या नागरी हक्क संघटनेच्या हॉलिवूड शाखेचे ज्युनियस ग्रिफिन यांनी या लाटेला 'ब्लॅक्सप्लॉयटेशन' असं नाव दिलं. 'काळा' आणि 'पिळवणूक' या दोन शब्दांचा तो जोड. पॅम ग्रिअरची 'कॉफी' (१९७३) याच लाटेतली. बाई बंदूक घेऊन उभी राहिली ही मोठी गोष्ट, पण लेखक-दिग्दर्शक गोरा पुरुष, आणि कॅमेऱ्याची नजर कुठे जाते ते बघितलं की कळतं. काळ्या प्रेक्षकाचा राग खरा होता. त्याच्या तिकिटाचा पैसा बहुतेक वेळा दुसऱ्याच्या खिशात गेला. पाच-सहा वर्षांत ती लाट ओसरली.

ऐंशीच्या दशकात नायक हसरा झाला. एडी मर्फी. '४८ अवर्स' १९८२ साली, 'बेव्हर्ली हिल्स कॉप' १९८४ साली. मर्फी अफाट माणूस आहे, वेगळंच रसायन. पण बघा, 'बेव्हर्ली हिल्स कॉप'ची भूमिका आधी सिल्व्हेस्टर स्टॅलोनसाठी ठरली होती. म्हणजे गोऱ्या नायकाच्या जागी मर्फी आला. त्याच्या भोवतालचं जग तसंच राहिलं. अॅक्सल फोलीला घर नाही, आई नाही, प्रेयसी नाही, मोहल्ला नाही. गोऱ्यांच्या श्रीमंत वस्तीत तो एकटा धमाल करतो. समाजातून उचलून आणलेला एकटा माणूस कोणालाच धोकादायक वाटत नाही. सोबतीला एक गोरा जोडीदार दिला की काम पक्कं.

आता १९८९. स्पाइक लीचा 'डू द राइट थिंग'. ब्रुकलिनमधली एक गल्ली, वर्षातला सगळ्यात उकाड्याचा दिवस. इटालियन मालकाचं पिझ्झाचं दुकान. संध्याकाळी भांडण होतं, पोलीस येतात आणि रेडिओ रहीम नावाच्या तरुणाचा गळा दाबून त्याला मारतात. मग त्याच दुकानात काम करणारा मूकी, ज्याला आपण सिनेमाभर बघत आलोय, तो कचऱ्याचं पिंप उचलतो आणि दुकानाच्या काचेवर फेकतो. मूकी नायक आहे का? योग्य वागला का? स्पाइक ली नेहमी सांगतो की हा प्रश्न त्याला गोरे प्रेक्षकच विचारतात, काळ्या माणसाने तो कधीही विचारलेला नाही. काहींना काच फुटल्याचा धक्का बसतो, काहींना रहीम मेल्याचा. आपण कुठल्या रांगेत आहोत हे कळायला याहून सोपी चाचणी नाही. २०१४ साली न्यूयॉर्कमध्येच एरिक गार्नर पोलिसाने गळ्याला घातलेल्या विळख्यामुळे मेला, तेव्हा लीने ते खरं चित्रण आणि रहीमचं दृश्य शेजारी शेजारी जोडून दाखवलं. पंचवीस वर्षांचं अंतर, पण फरक शोधावा लागत होता.

'डू द राइट थिंग'ला त्या वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं नामांकनही नव्हतं. ऑस्कर मिळालं 'ड्रायव्हिंग मिस डेझी'ला. म्हातारी गोरी बाई, तिचा समजूतदार काळा ड्रायव्हर, पंचवीस वर्षांची मैत्री. आता २०१९च्या समारंभाकडे या. स्पर्धेत स्पाइक लीचा 'ब्लॅकक्लान्समन' आहे. त्याला पटकथेचं ऑस्कर मिळतं. आणि सर्वोत्कृष्ट चित्रपट? 'ग्रीन बुक'. या वेळी गोरा माणूस गाडी चालवतो आणि काळा पियानोवादक मागे बसलाय. तीस वर्षांत जागा बदलल्या, गाडी तीच. पियानोवादक डॉन शर्ली खरे होते. त्यांच्या कुटुंबाने या चित्रणावर जाहीर आक्षेप घेतला. पटकथेच्या लेखकांपैकी एक होता त्या ड्रायव्हरचा मुलगा. गोष्ट कोण सांगतंय, यावर बरंच ठरतं.

मधे २००२ सालची एक रात्र आहे, तीही सांगायला हवी. डेन्झेल वॉशिंग्टनला प्रमुख भूमिकेचं ऑस्कर मिळालं, पॉइटिएनंतर ३८ वर्षांनी. त्याच रात्री पॉइटिएचाही गौरव झाला आणि हॅली बेरी ही प्रमुख भूमिकेसाठी ते मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय अभिनेत्री ठरली. सोहळा म्हणून फार सुंदर. पण डेन्झेलला ते कशासाठी मिळालं? 'ट्रेनिंग डे'मधल्या भ्रष्ट, खुनशी पोलिसासाठी. दहा वर्षांपूर्वी त्याने माल्कम एक्सचं जे काम केलं होतं, त्याला नामांकनावर समाधान मानावं लागलं. काम दोन्हीकडे उत्तम आहे. पण निवड बोलते.

गेल्या दहा वर्षांत मात्र काहीतरी खरंच हललंय. २०१६चा 'मूनलाइट' घ्या. मायामीच्या गरीब वस्तीतला एक मुलगा, त्याचं बालपण, तारुण्य, प्रेम. महत्त्वाचं गोरं पात्र जवळपास नाहीच. नायक कोणाला काही सिद्ध करून दाखवत नाही. त्याला फक्त स्वतःला स्वीकारायचंय. मला तो सगळ्यात मोठा बदल वाटतो. बाहेरच्या प्रेक्षकाच्या संमतीची वाटच बघायची नाही.

पुढच्या वर्षी जॉर्डन पीलचा 'गेट आउट'. पुन्हा तीच गोष्ट, गोरी मुलगी काळ्या मित्राला घरी घेऊन येते. पण पन्नास वर्षांपूर्वीचं ते सभ्य जेवण इथे भयपट झालंय. आईवडील तसेच उदारमतवादी, गोड बोलणारे, आणि त्यांना याचं शरीर हवंय. शेवटी क्रिस जीव वाचवून रस्त्यावर येतो, आजूबाजूला प्रेतं, समोर गोरी मुलगी जखमी पडलेली, आणि निळे-लाल दिवे चमकवत गाडी येते. थिएटर गप्प होतं. पोलीस आले म्हणजे सुटका, हा सिनेमाचा शंभर वर्षांचा नियम. इथे पोलीस आले म्हणजे संपलं, असं प्रत्येक प्रेक्षकाला वाटतं, गोऱ्यालासुद्धा! ग्रिफिथच्या घोडदौडीचं हे उत्तर आहे. गाडीतून उतरतो तो त्याचा काळा दोस्त. पीलने दुसराही शेवट चित्रित केला होता, त्यात क्रिस तुरुंगात जातो. नंतर त्याने तो बदलला. लोकांना वास्तव माहीत आहे, त्यांना एकदा तरी सुटका हवी, हे त्याने ओळखलं. १९५८ साली गाडी सुटली होती. २०१७ साली कोणीतरी गाडी घेऊन न्यायला आलं.

'ब्लॅक पँथर'बद्दल (२०१८) मी थोडा वाकडा आहे, आधीच सांगतो. जगभरात १३० कोटी डॉलरहून अधिक कमाई, काळ्या मुलांनी राजाचे कपडे घालून थिएटरात जाणं, तो आनंद खरा होता आणि तो मी कमी लेखणार नाही. पण टचाला हा आफ्रिकी राजा आहे. त्या सिनेमातला आफ्रिकन-अमेरिकन कोण? एरिक किलमाँगर. खलनायक. तो ओकलंडचा, आणि याच ओकलंडमध्ये १९६६ साली ब्लॅक पँथर पार्टी स्थापन झाली. त्याचा प्रश्न काय आहे? आमची माणसं साखळदंडात नेली जात होती, तेव्हा एवढी ताकद असलेले तुम्ही कुठे होता? प्रश्न इतका खरा आहे की त्याला उत्तर देता येत नाही. म्हणून मग सिनेमा त्याला निर्दय करतो, त्याच्याकडून आपल्याच माणसांचे खून करवतो, म्हणजे आपल्याला त्याच्या मरणाचं वाईट वाटूनही बरं वाटेल. शेवटी राजा ओकलंडमध्ये इमारती विकत घेऊन समाजकेंद्र काढतो. जो रागावला तो मेला, आणि त्याचा राग देणगीत जमा झाला. दिग्दर्शक रायन कूगलर स्वतः ओकलंडचा. मला वाटतं, त्याला हे माहीत होतं. म्हणूनच त्याने सिनेमातलं सगळ्यात जिवंत पात्र खलनायकाला दिलं.

आता आपलं आणि याचं नातं काय? नातं आहे, आणि ते ओढूनताणून आणलेलं नाही. १९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली, तिने नाव ओकलंडवरून घेतलं. त्याआधी म. ना. वानखेडे अमेरिकेतून शिकून आले आणि तिथल्या काळ्या लेखकांची ओळख त्यांनी औरंगाबादच्या तरुणांना करून दिली. जनार्दन वाघमारे यांनी त्या साहित्यावर मराठीत लिहिलं. म्हणजे आपल्या इथे काही लोक हे सगळं पन्नास-साठ वर्षांपूर्वी वाचत होते, स्वतःच्या जगण्याला लावून बघत होते. माझ्यासारखे बाकीचे 'डिफायंट वन्स' बघून डोळे पुसत होते.

रडणं खोटं नव्हतं. पण त्या रडण्यातून माझं काहीच जात नव्हतं. ज्याची गाडी सुटली त्याचंच सगळं गेलं, आणि वर मोठेपणाही त्यानेच दाखवायचा. दुसऱ्याच्या त्यागावर आपलं मन हलकं करून घ्यायचं, ही सवय फक्त गोऱ्या अमेरिकेची नाही.

(व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं : मग पॉइटिए चुकले, असं तुम्हाला म्हणायचंय का?)

नाही. अजिबात नाही, आणि तुम्ही विचारलंत हे बरं झालं. ऑगस्ट १९६४मध्ये पॉइटिए आणि हॅरी बेलाफाँटे हे दोघं मिसिसिपीतल्या ग्रीनवूडला ७० हजार डॉलर रोख घेऊन गेले होते, मतदार नोंदणीचं काम करणाऱ्या मुलांसाठी. रात्रीच्या अंधारात क्लानच्या गाड्या त्यांच्या मागे लागल्या होत्या. म्हणूनच नंतर 'इन द हीट ऑफ द नाइट'साठी त्याने मिसिसिपीत जायला नकार दिला आणि बहुतेक शूटिंग इलिनॉय राज्यात झालं. म्हणजे प्रत्यक्ष आयुष्यात हा माणूस पडद्यावरच्या त्या सोशिक नायकापेक्षा कितीतरी धीट होता. पडद्यावर त्याला तेवढीच जागा दिली गेली होती. १९७२ साली त्याने स्वतः पहिल्यांदा दिग्दर्शन केलं, 'बक अँड द प्रीचर'. त्यात तो गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांचे तांडे पश्चिमेकडे नेणारा वाटाड्या आहे, आणि त्यांच्या जिवावर उठलेल्या गोऱ्यांशी लढतो. इतकी वर्षं दुसऱ्यांसाठी त्याग करणारा हा नट, हातात कॅमेरा आल्याबरोबर आपल्या माणसांकडे वळला.

तो वाईट नायक नव्हता. तो दुसऱ्यांच्या सिनेमातला नायक होता. माझ्या मित्राला हे त्या रात्रीच कळलं होतं. मला ते आज तुमच्यासमोर एवढं बोलून सांगावं लागतंय.